अननसाचा फुलोरा बागायतदाराच्या हाती

फळझाडांच्या जगात फुलोऱ्याचा निर्णय बहुधा झाड आणि हवामान मिळून घेतात. आंब्याचा मोहोर लांबला की बागायतदार आभाळाकडे पाहतो. काजूचा मोहोर ढगाळ हवेत करपला की हळहळतो. अननस मात्र या रीतीला अपवाद आहे. योग्य वाढ झालेल्या अननसाच्या रोपाला कोणत्या आठवड्यात फुलवायचे, हे बागायतदार स्वतः ठरवू शकतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या द्रव्याचा खर्च इतर मशागतीच्या मानाने नगण्य असतो. इतके असूनही आपल्या देशातील अननसाचा मोठा भाग नैसर्गिक हंगामातच, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत, एकदम बाजारात येतो. हे फळ टिकाऊ नाही. डोंगरी भागातून ते बाजारापर्यंत नेणेही सोपे नाही. परिणामी ज्या आठवड्यात शेतात सर्वाधिक माल असतो त्याच आठवड्यात त्याला सर्वांत कमी दर मिळतो. ईशान्येकडील राज्यांत हे दरवर्षी घडते. कोकणात व गोव्यात नारळ-पोफळीच्या सावलीत अननस घेणाऱ्या लहान बागायतदारालाही हाच अनुभव येतो, कारण पावसाच्या तोंडावर फळ पिकते आणि गिऱ्हाईक पांगलेले असते.

या लेखात लागवडीची सर्व अंगे सारख्या विस्ताराने मांडलेली नाहीत. अननसाच्या शेतीचा नफातोटा मुख्यतः फुलोऱ्याच्या वेळेवर ठरतो, म्हणून भर त्यावरच दिला आहे.

वनस्पतीची ओळख

अननस हे ब्रोमेलियासी कुळातील सर्वांत मोलाचे, किंबहुना अन्नपीक म्हणून जगभर पसरलेले एकमेव पीक. या कुळात तीन हजारांहून अधिक जाती आहेत. पश्चिम आफ्रिकेतील एक जाती सोडली, तर त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील होत. त्यांपैकी पुष्कळ जाती झाडांच्या फांद्यांवर वाढतात आणि पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यावर जगतात. अननस जमिनीवर वाढतो, तरी कुळाचा हा गुण त्याने सोडलेला नाही. त्याची पन्हळीसारखी पाने पावसाचा आणि दवाचा थेंबन्‌थेंब बुंध्याकडे नेतात, आणि पानांच्या बेचक्यातील बारीक मुळ्या तेथे साठलेले पाणी व अन्नद्रव्ये शोषून घेतात. पानांवर फवारलेला युरिया अननसाला इतका मानवतो, तो यामुळेच.

दक्षिण अमेरिकेतील लोकांनी हे पीक फार पूर्वी माणसाळवले होते. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, १४९३ साली, ग्वादेलूप बेटावर युरोपीयांनी ते प्रथम पाहिले. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. मूळ तुपी भाषेतील नाव पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आले आणि ‘अननस’ म्हणून रुळले; इंग्रजीने मात्र स्वतःचे वेगळेच नाव ठेवले. सतराव्या शतकाच्या आरंभी आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी कित्येक हजार अननस होत असत, अशी नोंद खुद्द बादशहा जहांगीरच्या आठवणींत आहे. उत्तरेतील कडक उन्हाळा व थंडी ध्यानात घेता त्या माळ्यांचे कौतुक वाटते.

या रोपाच्या श्वसनाची तऱ्हाही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बहुतेक पिके दिवसा पर्णरंध्रे उघडून कर्बवायू घेतात आणि त्याबरोबर पाणी गमावतात. अननस आपली पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतो, कर्बवायू आम्लाच्या रूपाने पानांत साठवतो आणि दिवसा रंध्रे मिटून सूर्यप्रकाशात त्याची साखर करतो. म्हणून तो थोड्या पाण्यात तग धरतो. पण तग धरणे वेगळे आणि वाढणे वेगळे. कोरड्या महिन्यांत पाणी न मिळालेले रोप मरत नाही, फक्त थांबते. फुलोऱ्याचे वेळापत्रक आखणाऱ्याला असे थांबलेले रोप महागात पडते.

जमीन, जाती आणि लागण

आम्लधर्मी, पाण्याचा उत्तम निचरा होणारी, हलकी ते मध्यम जमीन अननसाला लागते. सामू ५ ते ६ च्या आसपास असावा. कोकण-गोव्यातील जांभा, केरळातील तशीच तांबडी माती, ईशान्येतील डोंगरउतार या जमिनी त्याला उत्तम मानवतात. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे लोहाच्या कमतरतेने पाने पिवळी पडतात, आणि पावसाळ्यात पाणी साचून मुळे व पोंगा कुजतो.

भारतात व्यापारी लागवड प्रामुख्याने तीन प्रकारांची आहे. क्यू हा मोठ्या, दीड ते अडीच किलोच्या रसाळ फळाचा प्रकार. ईशान्य भारत व पश्चिम बंगालमध्ये त्याचा विस्तार मोठा असून प्रक्रिया उद्योग त्यालाच पसंती देतो. क्वीन लहान, सोनेरी, सुवासिक आणि अधिक गोड. त्रिपुरातील क्वीनला २०१५ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. क्वीन गटातीलच मॉरिशस प्रकार केरळात रुजला असून एर्नाकुलम जिल्ह्यातील वाझाकुलमच्या अननसाला २००९ पासून भौगोलिक निर्देशांक आहे. तेथे रबराच्या नव्या मळ्यांत पहिली तीन-चार वर्षे, झाडांची सावली दाटेपर्यंत, अननस घेतात. मॉरिशसची पाने काटेरी असल्याने मजूर नाके मुरडतात, परंतु फळ प्रवासात टिकते आणि रोप लवकर तयार होते. ताज्या फळाच्या बाजारासाठी वेळ साधून पीक घ्यायचे असेल तर मॉरिशस अधिक सोयीचा.

अननसाला व्यवहारात बी नसते. एकाच प्रकारची सर्व रोपे एकमेकांच्या परागकणांना नाकारतात, म्हणून फळ बीजधारणेवाचूनच भरते. दोन भिन्न प्रकार शेजारी असतील आणि परागीभवन घडवणारा पक्षी हजर असेल, तर फळात कठीण बी धरते. अमेरिकेत हे काम गुंजनपक्षी करतात, आणि हवाई बेटांवर हे पक्षी आणण्यास बंदी घालण्यामागे अननसाचीच काळजी होती. आपल्याकडे हा पक्षी नसल्याने चिंता नाही.

अभिवृद्धी तीन प्रकारे होते : बुंध्यातून येणारे फुटवे, फळाच्या देठावर येणारी लहान पिल्ले आणि फळावरचा शेंडा. फुटव्याची लागण सर्वांत लवकर फळते, शेंड्याची सर्वांत उशिरा. येथे एक चूक सर्रास घडते. फुटवे, पिल्ले व शेंडे, लहान-मोठे, हाताला येतील तसे एकाच वाफ्यात लावले जातात. पुढे फुलोऱ्याचे द्रावण द्यायची वेळ येते तेव्हा निम्मी रोपे तयार असतात आणि निम्मी कोवळी. म्हणून लागणीपूर्वी फुटव्यांची वजनानुसार प्रतवारी करावी. साधारण अर्ध्या किलोचे फुटवे एका तुकड्यात, त्याहून हलके दुसऱ्या तुकड्यात लावावेत. फुटव्यांची खालची वाळलेली पाने सोलून ते आठवडाभर सावलीत पसरून सुकवावेत आणि लावण्यापूर्वी एक टक्का बोर्डो मिश्रणात बुडवून घ्यावेत. ओले, नुकतेच तोडलेले फुटवे जमिनीत कुजतात.

जोडओळ पद्धत सर्वांत चांगली. दोन रोपांत २५ सेंटिमीटर, जोडीतील दोन ओळींत ६० आणि दोन जोड्यांत ९० सेंटिमीटर अंतर ठेवले की हेक्टरी सुमारे ५३,३०० रोपे बसतात. एकरी साडेएकवीस हजार. दाट लागणीत रोपे एकमेकांना आधार देतात, फळ कलंडत नाही, उन्हाचा चटका कमी बसतो व तणही दबते. नारळाच्या बागेत ही संख्या अर्थातच कमी होते, कारण माडाच्या बुंध्याभोवतीची जागा मोकळी सोडावी लागते. केरळात एप्रिल ते जून, आसामात ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि उत्तर बंगालमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर असा लागणीचा प्रघात आहे. मुसळधार पावसाचे आठवडे सर्वत्र टाळावेत. पोंग्यात माती व पाणी गेले की रोप गेलेच समजावे.

खतांबाबत केरळ कृषी विद्यापीठाची शिफारस प्रतिरोप ८ ग्रॅम नत्र, ४ ग्रॅम स्फुरद व ८ ग्रॅम पालाश अशी आहे. स्फुरद लागणीच्या वेळी आणि नत्र-पालाश हप्त्यांनी द्यावे. हे हप्ते फुलोऱ्याचे द्रावण देण्यापूर्वी संपवण्याकडे कल ठेवावा, कारण फळाचा आकार रोप त्या दिवशी केवढे आहे यावरच मुख्यतः ठरतो.

धुरापासून द्रावणापर्यंत

अननसाला मुद्दाम फुलवता येते हा शोध अपघाताने लागला असे सांगतात. अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवर काचघरांत अननस वाढवत. १८७४ च्या सुमारास एका काचघरात धूर कोंडला. पीक हातचे गेले असे वाटत असताना सारी रोपे एकदम फुलली. तेव्हापासून तेथे धूर देऊन अननस फुलवण्याची रीत पडली, आणि ती आजही पाळली जाते. धुरातील कोणता घटक हे घडवतो, याचा उलगडा १९३२ साली पोर्तो रिकोमधील रॉड्रिग्ज यांच्या प्रयोगांनी केला. तो घटक म्हणजे इथिलीन वायू. वनस्पती स्वतःही तो निर्माण करतात. थंड रात्री व लहान दिवस आले की अननसाच्या रोपात हाच संकेत उमटतो, आणि म्हणूनच आपल्याकडे नैसर्गिक फुलोरा हिवाळ्यात सुरू होऊन फळे मे ते ऑगस्टमध्ये येतात.

आज वायूऐवजी इथेफॉन वापरतात. हे द्रव्य बाटलीत आम्ल स्थितीत स्थिर राहते. आम्लता कमी झाली की त्याचे विघटन होऊन इथिलीन सुटते. शिफारशीत चुन्याचे कार्बोनेट मिसळायला सांगितलेले असते, ते यासाठीच. काही जण अनावश्यक समजून ते गाळतात आणि मग निम्मी रोपे फुलली नाहीत म्हणून औषधाला दोष देतात.

प्रमाण असे : इथेफॉन २५ पीपीएम, युरिया २ टक्के, कॅल्शियम कार्बोनेट ०.०४ टक्के. एक हजार रोपांसाठी ५० लिटर द्रावण लागते. बाजारात इथेफॉन ३९ टक्के तीव्रतेचे मिळते. ५० लिटर पाण्यात ते केवळ ३.२ मिलिलिटर, त्याबरोबर १ किलो युरिया आणि २० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळावे. प्रत्येक रोपाच्या पोंग्यात ५० मिलिलिटर द्रावण ओतावे. सव्वातीन मिलिलिटर म्हणजे चमचाभरही नव्हे. इतक्या थोड्याने काय होणार, या शंकेपोटी मात्रा दुप्पट-तिप्पट करण्याचा मोह होतो. त्याने फुलोरा अधिक चांगला होत नाही. उलट फळाची व पुढील फुटव्यांची वाढ बिघडण्याचा धोका असतो. मोजण्यासाठी सुईविना इंजेक्शनची पिचकारी वापरावी. द्रावण त्याच वेळी तयार करून लगेच वापरावे, कारण कार्बोनेट मिसळल्यापासून इथिलीन उडून जाऊ लागते. संध्याकाळ किंवा भल्या पहाटेची वेळ उत्तम : हवा थंड असते आणि रोपाची पर्णरंध्रे उघडी असतात. द्रावण कोरड्या हवेतच द्यावे. दिल्यानंतर लवकरच जोराचा पाऊस पडला तर ते वाहून जाते आणि पुन्हा द्यावे लागते. हातमोजे व चष्मा न घालता इथेफॉनची बाटली हाताळू नये; मूळ द्रव्य आम्ल असून डोळ्यांना व त्वचेला अपाय करते.

पाने मोजण्याची सवय

रोप द्रावणाला तयार आहे की नाही, हे महिन्यांवरून ठरवू नये, पानांवरून ठरवावे. सुमारे ३९ ते ४२ पाने झालेले रोप फुलवण्यास योग्य मानतात. चांगल्या मशागतीत मॉरिशसला ही अवस्था लागणीनंतर सात-आठ महिन्यांत येते, क्यूला दहा ते बारा महिन्यांत; पाणी वा खत तुटले तर त्याहून बराच उशीर होतो. एका तुकड्यातील वेगवेगळ्या ठिकाणची वीस-पंचवीस रोपे निवडून प्रत्यक्ष पाने मोजावीत. काम कंटाळवाणे आहे, काटे हाताला लागतात, आणि म्हणूनच ते टाळले जाते.

टाळल्याचा परिणाम मात्र थेट तराजूवर दिसतो. तीस पानांच्या रोपालाही इथिलीन फुलवते. ते रोपाचा आकार पाहत नाही. परंतु अशा रोपाचे फळ लहान राहते, आणि अननसात एका रोपाला एकच फळ असल्याने ही तूट भरून काढायला दुसरी संधी नसते. उलट, पंचेचाळीस-पन्नास पाने होऊन हिवाळ्यात शिरलेली रोपे आपण द्रावण देण्याआधीच थंडीने फुलू लागतात, आणि मग त्या तुकड्याचे वेळापत्रक हातातून निसटते.

आता उलट दिशेने हिशेब मांडू. मॉरिशसमध्ये द्रावण दिल्यावर साधारण ४० दिवसांनी फुलोरा दिसू लागतो, ७० दिवसांपर्यंत तो पूर्ण होतो आणि १३० ते १३५ दिवसांनी फळ काढणीला येते. समजा, उन्हाळ्याची मागणी चढत असताना, मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माल हवा आहे. तर द्रावण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडले पाहिजे. त्या दिवशी चाळीस पाने हवीत, म्हणजे फुटवे मार्च-एप्रिलमध्ये जमिनीत गेलेले हवेत आणि मे महिन्यात त्यांना पाणी मिळालेले हवे. एकरभर लागणीचे तीन-तीन हजार रोपांचे सात तुकडे पाडून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने द्रावण दिले, तर मार्चअखेरपासून जूनपर्यंत दर पंधरवड्याला एक गाडी माल निघू शकतो. अर्थात लागणही त्याच क्रमाने, तुकड्या-तुकड्यांनी झालेली असावी. तीन हजार रोपांच्या एका तुकड्याला दीडशे लिटर द्रावण, म्हणजे साडेनऊ मिलिलिटर इथेफॉन पुरते. हे सारे एका घरातील माणसे दोन संध्याकाळी करू शकतात.

दोन बाबतींत सावधगिरी हवी. हे दिवस केरळच्या उबदार हवेतील आहेत. थंड रात्रींच्या प्रदेशात आणि क्यू प्रकारात फळ भरायला अधिक काळ लागतो, म्हणून पहिल्या वर्षी एका लहान तुकड्यावर आपल्या गावचे दिवस मोजून वहीत लिहून ठेवावेत. दुसरे, भर थंडीत पक्व होणारे फळ आंबट राहते आणि त्याचा गाभा आतून काळवंडण्याची शक्यता असते. ईशान्येच्या उंच भागात डिसेंबर-जानेवारीच्या काढणीचा हट्ट त्यामुळे धरू नये, दर कितीही मोहात पाडो. याउलट एप्रिल-मेमध्ये भरणाऱ्या फळाला उन्हाचा चटका बसतो. पश्चिमेची बाजू पिवळी पडून भाजते. नारळाच्या सुक्या झावळ्या, गवत किंवा रोपाचीच पाने वर बांधून फळ झाकावे.

रोग-किडी आणि काढणी

मुळे कमजोर झालेले, पानांची टोके लालसर होऊन खाली वळलेले रोप दिसले तर बुंध्याशी पिठ्या ढेकूण आहे का ते पाहावे. त्याच्याबरोबर विषाणूजन्य मर येते. हा कीटक स्वतः फारसा हिंडत नाही, मुंग्या त्याला रोपारोपांवर वाहून नेतात. म्हणून शेतातील मुंग्यांचा बंदोबस्त हाच त्याचा अर्धा बंदोबस्त. रोगट शेतातील फुटवे फुकट मिळाले तरी आणू नयेत. पोंग्याची मधली पाने ओढताच सहज हातात आली आणि दुर्गंध आला तर ती पोंगाकुज होय. उपाय निचऱ्याचा, औषध नंतर.

अननसाचे फळ म्हणजे शे-दोनशे फुलांची एकजीव झालेली फळे. प्रत्येक डोळा एका फुलाचा. डोळे बुडापासून वर पिकत जातात, म्हणून बुडाकडची फोड अधिक गोड. काढणीबाबत एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. केळी वा आंबा काढल्यावर पिकतो, त्यातील पिष्टाची साखर होते. अननसात असा पिष्टाचा साठाच नसतो. कच्चे तोडलेले फळ नंतर पिवळे दिसेल, मऊही होईल, पण गोड होणार नाही. रंग यावा म्हणून काढणीच्या सुमारास पुन्हा इथेफॉन फवारणारे बागायतदार केवळ साल रंगवत असतात. गिऱ्हाईक एकदा फसते आणि पुढच्या वेळी सफरचंद घेते. दूरच्या बाजारासाठी डोळे सपाट होऊन बुडाच्या एक-दोन ओळी पिवळ्या दिसू लागल्यावर, आणि जवळच्या बाजारासाठी पाव ते निम्मे फळ पिवळे झाल्यावर देठासह कापावे. पिरगाळून तोडू नये.

काढणीनंतर बुंध्यावर एक, फार तर दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे नव्या लागणीसाठी काढून घ्यावेत, मातीची भर द्यावी आणि खताचा हप्ता सुरू करावा. खोडव्याचा फुटवा उंचावर निघतो, त्यामुळे भर दिली नाही तर फळाच्या भाराने रोप आडवे होते. दोन खोडवे घेणे बहुतेक ठिकाणी परवडते; त्यापुढे रोपे असमान होत जातात आणि एका दिवशी संपूर्ण तुकड्याला द्रावण देणे अशक्य होते. खोडव्याला द्रावण देतानाही पाने पुन्हा मोजावीत, आणि ती मातृरोपाची नव्हे, फुटव्याची मोजावीत.